ळ नसलेला आवाज

संगणकातल्या बाईला ळ येत नाही.
फुकटात हिंदीच आवाज मिळाला, तोच बसवून घेतलाय.
वेळ झाली, तर ती म्हणते वेल झाली.
काळ गेला, तर काल गेला.
नाशिकहून धाकटीचं पत्र आलं, तेही बाईनंच वाचलं:
ताई, तुझ्या डोल्यांचं कललं.
मला हसू फुटलं. धाकटी बिचारी
रडत रडत लिहीत असणार.

इंदुरात हे खपून जातं.
रामबागेत आमचं तरी मराठी कुठं निर्भेळ राहिलंय.

एकतीस वर्षं मी जिल्हा कोर्टात टायपिस्ट होते.
लोकांची शपथपत्रं, लोकांची बांधावरची भांडणं,
खाली दोन कार्बन.
बोटांना सगळे पत्ते पाठ होते.
या कीबोर्डवर अक्षरांनी घरं बदललीत,
फक्त एफ आणि जे वर एकेक बारीक फोड आहे,
तिथून चाचपत निघायचं.

हे हर्षल बिल्लोरेनं सांगितलं. खरगोनचा मुलगा,
जन्मापासून न दिसणारा, दिवसा बँकेत,
रात्री नऊनंतर फोनवर शिकवणी. पैशाचं नाव काढू देत नाही.
पहिल्या दिवशी म्हणाला,
"आंटी, माउस अलमारी में रख दो।"
ठेवला. शेवयांच्या डब्यामागे आहे अजून.

त्यानं चाळीस पाठ बोलून नेटवर ठेवलेत,
ज्याला हवा त्यानं उतरवून घ्यावा.
सातव्यात तक्ता कसा वाचायचा ते आहे,
मागे कुकरच्या दोन शिट्ट्या.
तिसरीला तो थांबतो, ओरडतो, "मम्मी, गैस!"
आणि पुन्हा: "तो हम तीसरी लाइन में थे।"
हा पाठ मी सहा वेळा ऐकला.
तक्त्यासाठी चार वेळा.

सगळीच पानं काही बोलत नाहीत.
पेन्शनचं पान म्हणजे
बटण, बटण, चित्र, बटण,
पाट्या न लावलेल्या खोल्यांचा व्हरांडा.
कुठल्या दारात साहेब, कुठल्या दारात संडास, कळायला मार्ग नाही.
आणि शेवटी:
चित्रातली अक्षरं लिहा, आपण यंत्र नाही हे सिद्ध करा.
हे मला यंत्रच वाचून दाखवतं, अगदी शांतपणे.
अशा वेळी तू काय करतोस, मी हर्षलला विचारलं.
"पहले गाली देता हूँ। फिर कान वाला बटन ढूँढता हूँ।"
कानाचं बटण असतं कधीकधी.
नसलं, की पहिलीच पायरी दोनदा.

सकाळी कचरागाडी गाणं लावून येते
तेव्हा बाईचं अक्षर ऐकू येत नाही.
मी हात मांडीवर ठेवून बसते,
गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

माझा पिन मुलाला ठाऊक होता, सुनेला होता,
बँकेत माझ्यामागे उभा असेल त्यालाही.
कोथिंबिरीचा भाव सांगावा तसा मी तो सांगत असे,
चारही आकडे, मोठ्यानं.
लाजायचं असतं हेही विसरले होते.

काल रात्री पासवर्ड बदलायला बसले.
स्क्रीन मी काळीच ठेवते, बॅटरी वाचते.
सून आली, दिव्याचं बटण वाजलं,
"अंधारात काय करून राहिल्या आई? बंद पडलं का?"
म्हटलं, चालू आहे.
ती खुर्चीमागे जरा वाकून उभी राहिली.
तिला काहीच दिसत नव्हतं.

पासवर्डाचं अक्षर बाई उच्चारत नाही.
तिला ळ येत असता तरी इथे तिनं तो गिळला असता.
प्रत्येक अक्षराला नुसतं म्हणते, तारा.
तारा.
तारा.
मी मोजत होते, नऊ झाले.
सुनेनं दिवा मालवला, चपला वाजल्या, दार लागलं.
मग दहावा.